हॉल तिकिटाच्या मागची एक ओळ

प्रति,
मा. कुलगुरू,
महाराष्ट्रातील सर्व सार्वजनिक विद्यापीठे

विषय : अकस्मात संकटात सापडलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेत रीतसर सवलत मिळण्याबाबत

महोदय, महोदया,



कोणत्याही परीक्षेचं हॉल तिकीट हाती घ्या आणि त्यावरच्या सूचना वाचा. बहुधा त्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेल्या असतात. मोबाइल आणू नये. अर्धा तास आधी हजर राहावे. ओळखपत्राशिवाय प्रवेश मिळणार नाही. गैरप्रकार आढळल्यास कारवाई होईल. अशी हजारो हॉल तिकिटं मी माझ्या हातांनी वाटली आहेत. तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात मी सव्वीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं आणि त्यातली नऊ वर्षं परीक्षा अधिकारी म्हणून काम केलं. परीक्षेच्या दिवसांत घरावर काही कोसळलं तर विद्यार्थ्यानं कुठे जायचं, कुणाला सांगायचं, किती दिवसांत सांगायचं, हे त्या नऊ वर्षांत एकाही हॉल तिकिटावर मला छापलेलं दिसलं नाही.

हे पत्र त्या न छापलेल्या ओळीसाठी आहे.

एका हिवाळी सत्रात तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाचे दोन पेपर बुडाले. पहिल्या पेपरच्या आदल्या रात्री त्याचे वडील विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले होते. मुलगा थोरला. अग्नी त्यानं दिला, राख सावडली, दहावं केलं. चौदाव्या दिवशी तो माझ्या टेबलासमोर उभा राहिला तेव्हा डोक्यावर नुकते कुठे केस फुटले होते. हातात फुलस्केप कागदावर लिहिलेला अर्ज होता : ‘परीक्षेस बसू न शकल्याबाबत’. मी त्याला विचारलं, “इतके दिवस कुठे होतास?” तो म्हणाला, “मॅडम, कालच तेरावं झालं.”

आमच्याकडचं परिपत्रक सांगत होतं की गैरहजेरीचा अर्ज तीन दिवसांत पुराव्यासह यायला हवा. मी त्याच्या अर्जावर लिहिलं, ‘मुदतीनंतर प्राप्त. विचार करता येत नाही.’ खाली सही केली, तारीख टाकली. तो “बरं, मॅडम” एवढंच म्हणाला, अर्जाची घडी घातली आणि गेला. त्यानं वाद घातला असता, रडला असता, तर कदाचित मी विसरले असते. ते ‘बरं, मॅडम’ मात्र माझ्या कानातून गेलेलं नाही.

पुढे कधीतरी एका वेगळ्या कामासाठी जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा वाचण्यात आला. मृत्यूची खबर निबंधकाला देण्यासाठी त्याखालच्या नियमांत एकवीस दिवसांची मुदत आहे. ज्या मरणाची नोंद करायला देशाचा कायदा घरच्यांना एकवीस दिवस देतो, त्याच मरणाचा दाखला आणायला आम्ही एका पोराला तीन दिवस दिले होते. त्या तीन दिवसांचा नियम मी केलेला नव्हता. सही मात्र माझी होती, आणि त्या सहीचं ओझं उतरवायला मी हे पत्र लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते.

त्याच्या गुणपत्रिकेवर त्या दोन विषयांसमोर ‘अनुपस्थित’ अशी नोंद आली. रात्रभर जागून सकाळी जाग न आलेल्या मुलालाही हीच नोंद मिळते आणि चितेला अग्नी देऊन आलेल्या मुलालाही हीच. गुणपत्रिका तेवढंच सांगते की तो आला नव्हता. तो का आला नाही, हे विचारण्याची जागा आपल्या व्यवस्थेत कुठे आहे, हा माझा आपल्याला प्रश्न आहे.

संकट म्हणजे काय ते महाराष्ट्राला शिकवावं लागत नाही. एखाद्या तालुक्यात दुष्काळ जाहीर झाला की शासन काही सवलती लागू करतं. जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, आणि त्याच यादीत आणखी एक ओळ असते : शालेय व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात माफी. शेत करपलं की त्याची झळ वर्गातल्या बाकापर्यंत पोहोचते, हे सरकारी कागदानं केव्हाच मान्य केलं आहे. पैशांची सवलत द्यायची आपल्याला सवय आहे. वेळेची सवलत द्यायला मात्र हात आखडतो.

तीही आपण दिलेली आहे. जुलै २०२१ मध्ये कोकण आणि पश्चिम महाराष्ट्र पाण्याखाली होता. महाड आणि चिपळूणच्या बाजारपेठांत चिखल साचला होता, कोल्हापूर-सांगलीकडचे रस्ते बंद होते. नेमक्या त्याच दिवसांत जेईई मुख्य परीक्षा होती. कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड आणि पालघर या सात जिल्ह्यांतली जी मुलं केंद्रावर पोहोचू शकणार नव्हती, त्यांना दुसरी संधी देण्याचं राष्ट्रीय परीक्षा संस्थेनं जाहीर केलं. देशभर एकाच वेळी चालणारी एवढी मोठी परीक्षा, तरी तारीख सरकली. त्यामुळे जेईईचा दर्जा घसरला, असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

त्याच्या आदल्या वर्षीचं तर आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. करोनाच्या साथीत अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या की नाही, यावर राज्य आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांच्यात ओढाताण झाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २८ ऑगस्ट २०२० च्या निकालाचं सार माझ्यासारख्या शिक्षिकेला असं समजलं : परीक्षा दिल्याशिवाय पदवी नाही, पण परिस्थिती बिकट असेल तर राज्याला आयोगाकडे मुदत वाढवून मागता येईल. दर्जा जागच्या जागी ठेवायचा आणि तारीख हलवायची. आकस्मिक अडचणीत सापडलेल्या विद्यार्थ्याला काय द्यावं, याचं याहून नेमकं सूत्र मला सापडलेलं नाही.

म्हणजे सात जिल्ह्यांत पाणी शिरलं की तारीख सरकते, देशात साथ आली की तारीख सरकते. एकाच घरात पाणी शिरलं तर? एकाच आईला अर्धांगवायूचा झटका आला, एकाच मुलीचा गर्भपात झाला, एकाच मुलाच्या वडिलांनी फवारणीचं औषध घेतलं, तर? संकट मोजायचं आपलं माप तालुक्याचं आहे. माणसाच्या मापाचं भांडं आपण घडवलेलंच नाही.

आपल्यापैकी काही जण म्हणतील की तसं नाही, प्राचार्यांना अधिकार असतात, अपवादात्मक बाबतीत सहानुभूतीनं विचार होतो, काही ठिकाणी गैरहजर राहिलेल्यांसाठी महाविद्यालय पातळीवर वेगळी परीक्षाही घेतली जाते. हे खरं आहे. पण या टेबलाच्या अलीकडे बसून मी जे पाहिलं ते सांगते. नियम लिहिलेला नसला की सवलत बंद पडत नाही. ती ओळखीवर चालते. ज्याच्या काकांचा प्राचार्यांना फोन येतो, त्याची गैरहजेरी ‘वैद्यकीय’ होते. ज्याच्या घरी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, त्याला अर्ज करता येतो हेच माहीत नसतं. माझ्या नऊ वर्षांत आलेल्या अर्जांपैकी बहुतेक शहरात राहणाऱ्या, घरात कुणी नोकरदार असलेल्या मुलांचे होते. वाडी-वस्तीवरून एसटीनं येणाऱ्या मुलांचे अर्ज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांच्या घरांवर संकटं कमी येतात म्हणून असं झालं, असं कुणीही म्हणणार नाही. त्यांना वाटत होतं की हे आपल्यासाठी नसतंच.

म्हणून मी आपल्याकडे दया मागत नाही. दया ‘साहेबांना भेटून घ्या’ या वाटेनं येते आणि साहेबांच्या दारापर्यंत पोहोचण्याइतकं बळ ज्याच्यात उरलेलं असतं, त्यालाच ती मिळते. दारापर्यंत न येताही मिळेल, असा नियम मला हवा आहे.

आता एका मुलीबद्दल सांगते, कारण तिच्यासाठी तर अर्जाचा नमुनाही नव्हता. तिची आई जिल्ह्याच्या गावी अतिदक्षता विभागात होती. ही रात्रभर तिथल्या व्हरांड्यात बसायची, पहाटेची एसटी पकडून पेपरला यायची आणि पेपर झाला की परत जायची. वर्ष वाया जाऊ नये म्हणून तिनं एकही पेपर चुकवला नाही. पर्यवेक्षक मला म्हणाले, “पोरगी पेपरभर प्रश्नपत्रिकेकडे बघत बसते.” दोन विषयांत ती नापास झाली. तिच्या बाबतीत काय करता येईल, असं मी विद्यापीठात विचारलं. उत्तर आलं, विद्यार्थिनी उपस्थित होती, त्यामुळे प्रश्न येत नाही. जी आली नाही तिच्यासाठी निदान एक अर्ज आहे, मंजूर होवो न होवो. जी आली, पण जिचं मन त्या खोलीत नव्हतंच, तिचं दुःख आपल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

एक केटी लागली, म्हणजे एक विषय मागे राहिला, म्हणून काय बिघडलं, असंही म्हटलं जातं. महोदय, बिघडतं. केटीचं शुल्क भरावं लागतं. तो पेपर पुन्हा येईपर्यंत महिने जातात आणि पुढच्या सत्राच्या अभ्यासावर मागच्या सत्राचं ओझं चढतं. कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या बाकी राहिलेली केटी चालत नाही म्हणून पहिल्याच चाळणीत नाव काढून टाकतात. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते, जी कुठल्याच अहवालात येत नाही. ‘नापास झालीस ना, मग आता पुरे शिक्षण’ असं म्हणायला घरातल्या काही माणसांना एवढं निमित्त पुरतं.

आणि यापुढे ही अडचण वाढणार आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आपण सत्रभर चालणाऱ्या मूल्यमापनाकडे वळलो आहोत. चाचण्या, प्रकल्प, सादरीकरणं, प्रात्यक्षिकं यांना आता मोठं वजन आहे. पूर्वी वर्षातले आठ-दहा दिवस सांभाळले की भागायचं. आता सत्रातला जवळपास प्रत्येक आठवडा गुणांचा आहे. म्हणजे आजारपण, मयत, एसटीचा संप, घरातलं भांडण यांपैकी काहीही कुठल्या ना कुठल्या मूल्यमापनावर पडणारच. २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत संपामुळे एसटी बहुतांशी बंद होती तेव्हा वडापच्या जीपला लटकून येणारी मुलं मी पाहिली आहेत. मूल्यमापनाचे प्रसंग वाढवायचे आणि अडचणीचा नियम जुनाच ठेवायचा, याला न्याय म्हणता येणार नाही.

जगात यावर खूप विचार झालेला आहे. इंग्लंड-वेल्समधल्या विद्यापीठांत याला ‘मिटिगेटिंग’ किंवा ‘एक्स्टेन्युएटिंग सर्कमस्टन्सेस’ म्हणतात, ऑस्ट्रेलियात ‘स्पेशल कन्सिडरेशन’. आपल्याकडची जी मुलं शिकायला तिकडे जातात, त्यांना सुरुवातीलाच मिळणाऱ्या नियमपुस्तिकेत हे प्रकरण असतं : अर्ज कुठे करायचा, किती दिवसांत करायचा, काय मिळू शकतं, काय मिळू शकत नाही. विद्यापीठानं ऐकलं नाही तर दाद मागायला इंग्लंड-वेल्समध्ये एक स्वतंत्र संस्था आहे आणि अशा अर्जांचा विचार कसा करावा, याची मार्गदर्शक तत्त्वंही तिनं डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केली. न्यूझीलंडमध्ये तर ‘एग्रोटॅट’ हा जुना लॅटिन शब्द अजून वापरात आहे. त्याचा अर्थ एवढाच : ‘तो आजारी आहे’, ‘ती आजारी आहे’. आपली गुणपत्रिका ‘अनुपस्थित’ म्हणून थांबते. तिकडे त्या जागी कारण लिहिण्याची सोय फार पूर्वीच कुणाला तरी सुचली होती.

आपल्या घरातही तुकड्या-तुकड्यांनी हे आलेलं आहे. अपंग विद्यार्थ्यांना दर तासाला वीस मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक देण्याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्र सरकारनं २०१८ मध्ये काढली. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या एका स्पर्धा परीक्षार्थीला लेखनिक नाकारला गेला, तेव्हा फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला आणि अशी वाजवी सोय हा हक्क आहे, हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात विद्यापीठ अनुदान आयोगानं सर्व विद्यापीठांना पत्र पाठवून बाळंतपणाची रजा, हजेरीतली सूट आणि परीक्षा अर्जाच्या मुदतीतली वाढ यांसाठी नियम करायला सांगितलं. केरळनं २०२३ च्या जानेवारीत पाळीच्या त्रासासाठी विद्यार्थिनींना हजेरीत २ टक्के सूट दिली. अपंगत्वासाठी, मातृत्वासाठी आपण वाट काढली. उरला आहे तो अकस्मात कोसळणारा प्रसंग, जो कोणत्याही वर्गातल्या कोणत्याही मुलावर येऊ शकतो आणि म्हणूनच ज्याच्या मागे कुठली संघटना उभी राहत नाही.

आता आपल्या शंकांकडे येते. त्या माझ्याही होत्या.

पहिली शंका खोट्या दाखल्यांची. गावोगाव खोटे वैद्यकीय दाखले मिळतात हे मला ठाऊक आहे. एकाच डॉक्टरच्या एकाच अक्षरातले दहा-दहा दाखले माझ्या टेबलावर आलेले आहेत. पण त्या बाजाराला आपणच गिऱ्हाईक पुरवतो, हेही मला हळूहळू कळलं. डॉक्टरचा शिक्का हाच एकमेव पुरावा मानला की ज्याचं दुःख डॉक्टरकडे जाण्यासारखं नाही, त्यालाही शिक्का आणावा लागतो. बाप दारू पिऊन आल्यावर रात्रभर उंबऱ्याबाहेर बसलेल्या मुलीला कुठला डॉक्टर दाखला देणार? आणि सवलत फक्त वेळेची असेल, गुणांची नसेल, तर खोटं बोलून मिळणार काय? दुसऱ्या दिवशीची दुसरी प्रश्नपत्रिका. तिला सामोरं जावंच लागेल. ज्या सवलतीत फुकटचा एकही गुण नाही, तिच्यासाठी खोटं बोलणारे थोडेच असतील. त्या थोड्यांसाठी बाकी सगळ्यांना खोटं मानणं मला मान्य नाही.

पुराव्याचा अतिआग्रह कुठवर नेऊ शकतो, याचं एक दुःखद उदाहरण इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाचं आहे. तिथल्या भौतिकशास्त्राच्या एका विद्यार्थिनीला लोकांसमोर बोलण्याची पराकोटीची भीती होती आणि तिच्या मूल्यमापनात तोंडी परीक्षा होत्या. २०१८ मध्ये तिनं आपलं आयुष्य संपवलं. मूल्यमापनाची पद्धत तिच्यासाठी न बदलून विद्यापीठानं तिच्याशी भेदभाव केला, असा निकाल २०२२ मध्ये न्यायालयानं दिला आणि २०२४ मध्ये वरच्या न्यायालयानं तो कायम ठेवला. तिची अवस्था शिक्षकांना दिसत होती. जे डोळ्यांसमोर आहे ते कागदावर येईपर्यंत थांबू नये, हा धडा मी त्यातून घेतला.

दुसरी शंका व्यवस्थेवरच्या भाराची. लाखो विद्यार्थी, शेकडो महाविद्यालयं, त्यात पुन्हा वेगळी परीक्षा! मी परीक्षेचं काम केलेलं आहे, म्हणून अदमासानं बोलत नाही. प्रत्येक विषयाचे एकाहून अधिक प्रश्नसंच आपण काढून घेतो. न वापरलेला संच कपाटात पडूनच राहतो. प्रश्नपत्रिका आता ऑनलाइन पाठवण्याची सोयही बऱ्याच ठिकाणी झाली आहे. जिल्ह्याला एक केंद्र, दोन-तीन दिवस, एवढ्यात हे बसतं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाल लावायचा असतो. शेवटच्या पेपरनंतर महिन्याभरात ही विशेष परीक्षा घेतली, तर या मुलांचा निकाल बाकीच्यांच्या फार मागे राहणार नाही.

तिसरी शंका सर्वांत गंभीर, पदवीच्या किमतीची. सवलती वाढवल्या की पदवीला अर्थ राहणार नाही, असं आपल्याला मनापासून वाटत असेल तर मी त्या भावनेचा आदर करते. पण पदवी काय सांगते? या मुलाला हा विषय येतो, एवढंच. बापाच्या दहाव्याच्या दिवशी त्याला हा विषय लिहिता आला की नाही, हे पदवीनं कुणाला सांगायचं आहे? त्या दिवशीचा भोपळा त्याच्या अभ्यासाचं माप नसतो. तो गुणपत्रिकेवर छापून आपणच पदवीला खोटं बोलायला लावतो.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

परीक्षेच्या नियमावलीत ‘अकस्मात अडचण’ असं एक स्वतंत्र कलम लिहावं. जवळच्या माणसाचा मृत्यू किंवा गंभीर आजार, स्वतःचं आजारपण वा अपघात, गर्भपात, घरातली हिंसा, मानसिक आजार, घर-शेताचं नुकसान, वाहतूक बंद पडणं या गोष्टी त्यात नावानिशी याव्यात, म्हणजे वाचणाऱ्याला ‘माझं बसतं का’ हे विचारायला कुणाच्या दारात जावं लागणार नाही.

सवलत गुणांत देऊ नये, वेळेत द्यावी. पेपर बुडाला असेल तर महिन्याभरात विशेष परीक्षा घ्यावी आणि तो पहिलाच प्रयत्न धरावा. त्यासाठी वेगळं शुल्क नको. चाचणी किंवा प्रकल्प राहिला असेल तर मुदत वाढवावी. जो परीक्षेला बसला पण बसण्याच्या अवस्थेत नव्हता, त्यालाही निकाल लागण्याआधी तसं कळवून तो पेपर पुन्हा देण्याचा पर्याय असावा. निकाल पाहून नव्हे, त्याआधी. म्हणजे दुरुपयोगही होणार नाही.

अर्जाला एकवीस दिवसांची मुदत असावी. कायदा मृत्यूच्या नोंदीला जेवढी देतो तेवढी. निर्णय दहा दिवसांत व्हावा आणि नकार दिला तर त्याचं कारण लेखी द्यावं. मी लिहिलं होतं तसं ‘विचार करता येत नाही’ हे कारण होत नाही.

पुरावा म्हणून जे सहज मिळतं ते चालावं : दवाखान्याचा केसपेपर, तलाठ्याचा पंचनामा, सरपंच किंवा पोलीस पाटलाचा दाखला, वर्गशिक्षकाचं पत्र. एखाद-दुसऱ्या दिवसाच्या अडचणीसाठी सत्रातून एकदा विद्यार्थ्याचं स्वतःच्या सहीचं निवेदन पुरेसं मानावं. वीस वर्षांचा माणूस मतदान करू शकतो. ताप आला होता, एवढं सांगण्याइतका विश्वास त्याच्यावर ठेवता येईल.

अर्ज गुप्त राहावा. खिडकीवरच्या कारकुनापासून शिपायापर्यंत सर्वांनी वाचलेला अर्ज कुठलीही मुलगी दुसऱ्यांदा लिहिणार नाही. दोन शिक्षकांची समिती पुरे, त्यातली एक बाई असावी. त्यांनी नकार दिला तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे आणि तिच्यावर लोकपाल आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनी ही रचना उभी केलेलीच आहे. तिचा रस्ता या कलमात लिहून द्यावा.

आणि वर्षाच्या शेवटी किती अर्ज आले, किती मंजूर झाले, कोणत्या जिल्ह्यातून आले, हे नावं न देता प्रसिद्ध करावं. ज्या तालुक्यातून एकही अर्ज आला नसेल, तिथे सगळं सुखात आहे असं समजू नये. तिथे ही गोष्ट पोहोचलेलीच नाही, असं समजावं.

ज्या मुलाचा अर्ज मी परत केला, तो मला निवृत्तीच्या आदल्या वर्षी पुन्हा भेटला. आमच्याकडच्या साखर कारखान्याबाहेरच्या वजनकाट्यावर तो कामाला होता. ट्रॅक्टरची पावती फाडता फाडता त्यानं मला ओळखलं, बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. जुन्या गोष्टीचा त्यानं उल्लेखही केला नाही. निघताना मात्र हळूच विचारलं, “मॅडम, ते दोन पेपर आता देता येतात का हो?”

देता येत नव्हते. अभ्यासक्रम बदलला होता आणि पदवी पूर्ण करण्याची कमाल मुदतही उलटून गेली होती. मी त्याला ते सांगितलं. तो पुन्हा तसाच म्हणाला, “बरं, मॅडम.”

कुलगुरू महोदय, त्याच्यासाठी आता आपण काही करू शकत नाही. पण पुढच्या सत्राची हॉल तिकिटं अजून छापायची आहेत. मागच्या सूचनांखाली एका ओळीपुरती जागा सहज निघेल. ती ओळ मी लिहून देते :

‘परीक्षेच्या काळात आपल्यावर अचानक संकट आल्यास एकवीस दिवसांत महाविद्यालयास कळवा. आपल्याला परीक्षेची दुसरी तारीख मिळेल.’

तिच्यामागे नियम उभा करा आणि ती छापा. मग ज्या मुलाच्या घरात त्या रात्री रडारड चाललेली असेल, त्याचं हॉल तिकीट कोनाड्यात किंवा दप्तरात पडलेलं असेल, आणि कधीतरी, कुणीतरी, कदाचित त्याची धाकटी बहीण, ते उलटं करून वाचेल.

आपली,
एक निवृत्त परीक्षा अधिकारी